गाडी सुटताना बसतो तो हिसका

लोकल फलाटावरून सुटली की उभी माणसं क्षणभर मागे कलतात. गाडीनं एकदा वेग धरला की त्याच गर्दीत कुणी पेपर उघडतो, कुणी हात सोडून भाजी निवडते. ताशी ८० किलोमीटर वेगानं आपण धावतो आहोत, याची शरीराला दादही नसते. पुढच्या स्टेशनाचा ब्रेक लागला की तीच माणसं पुढे झुकतात.

शरीराला जाणवतो तो वेगातला बदल. तो किती झपाट्यानं होतो, याचं माप म्हणजे त्वरण. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगानं सूर्याभोवती फिरते, तरी वाटीतली कढी हिंदकळत नाही. लोकलचा वेग सुटताना दर सेकंदाला ताशी जेमतेम दोन किलोमीटरनं वाढतो, आणि तेवढ्यानंही तोल जातो.

ही जाणीव कानातून येते. आतल्या कानात एका चिकट थरावर चुन्याचे अतिसूक्ष्म कण असतात. डोकं पुढे निघालं की हे कण किंचित मागे रेंगाळतात, खालचे केसासारखे तंतू वाकतात आणि मेंदूला वर्दी जाते. घाटात पुस्तक वाचणाऱ्याला मळमळतं तेही यामुळेच: डोळ्यांना पान स्थिर दिसतं, कान मात्र हालचालीची वर्दी देत राहतो.

घाटातलं त्वरण जरा फसवं असतं. एसटीचा काटा ताशी ३६ वर स्थिर असला, तरी वळणावर दिशा बदलते, आणि दिशेतला बदल हेही त्वरणच. वळणाची त्रिज्या ३० मीटर धरली, तर प्रवाशाला बाजूला रेटल्यासारखं वाटतं ते त्याच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश जोरानं. वेग दीडपट म्हणजे ताशी ५४ केला, तर हा जोर सव्वादोन पट होतो, वजनाच्या पाऊण पट! उंच, भरलेली बस असं वळण पेलत नाही. वळणाआधीच वेग कमी करणारा चालक हे गणित अनुभवानं जाणतो.

खाली पडणाऱ्या वस्तूचं त्वरण मोजणं गॅलिलिओला अवघड गेलं, कारण पडणं फार लवकर संपतं. त्यानं उतरत्या लाकडी पन्हळीतून गोळी सोडली आणि तेवढ्या वेळात भांड्यातून गळलेलं पाणी तोलून वेळ मोजला. १६३८ साली छापलेल्या ग्रंथात हा प्रयोग आहे. आज आपल्याला त्याचा आकडा पाठ असतो: पडताना वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंदानं वाढतो.

हा आकडा दुचाकीस्वारानं स्वतःच्या डोक्याला लावून पाहावा. उभ्या माणसाच्या उंचीवरून, म्हणजे १.८ मीटरवरून डोकं खाली आलं, तर ते ताशी सुमारे २१ किलोमीटर वेगानं रस्त्यावर आदळतं. तीन मिलिमीटरांत थांबलं तर त्याला गुरुत्वाच्या सुमारे ६०० पट हिसका बसतो. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर चुरडत जाऊन तेच थांबणं तीन सेंटिमीटरांवर पसरवतो, आणि हिसका ६० पटींवर येतो. हेल्मेटचं खरं काम हा थर करतो. एकदा चुरडला की तो पूर्ववत होत नाही, म्हणून आपटलेलं हेल्मेट बदलावं. आणि हनुवटीखालचा पट्टा न लावता ते घातलं, तर रस्त्यावर पोचेपर्यंत ते डोक्यावर राहीलच असं नाही.