गळ्यावरचा कान

ऑपरेशननंतर पेशंट गुंगीत असताना त्याच्या श्वासावर लक्ष कोण ठेवतं, ते पाहून या, असं संपादकांनी सांगितलं. म्हणून पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या रिकव्हरी रूममध्ये गेले. पेशंटच्या गळ्यावर कंठाच्या बाजूला नाण्याएवढा सेन्सर चिकटवलेला होता. मॉनिटरवर आकडा होता 14. मोठ्या माणसाचे मिनिटाला 12 ते 20 श्वास ठीक मानतात.

1816 मध्ये पॅरिसच्या डॉ. रेने लेनेक यांनी कागदाची सुरळी करून छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. पण डॉक्टर चोवीस तास कान लावून बसू शकत नाही. न थांबता ऐकणारा असा सेन्सर अमेरिकेतल्या मासिमो कंपनीने आणला.

मी गुंतले ते त्याच्या मोजणीत. श्वासनलिकेतून हवा वेगाने जाते, तिच्यात भोवरे उठतात, गळ्याची त्वचा सूक्ष्म थरथरते. सेन्सरमधला पिझो पडदा ती थरथर विजेच्या लहरीत बदलतो. हृदयाचा आवाज बराचसा खालच्या पट्टीतला, तो गाळून टाकतात. खरी मेख पुढे आहे. गळ्यापाशी श्वास घेतानाचा आणि सोडतानाचा, दोन्ही आवाज ठळक येतात. हे दोन मिळून एकच श्वास, एवढं यंत्राला उमगलं नाही तर 14 चे 28 होतात. म्हणून ते आवाजांइतकंच मधल्या शांततेकडेही लक्ष देतं.

याची गरज का? ईसीजीच्या तारांवरून श्वास मोजला तर छातीची हालचाल तेवढी कळते. घसा बंद झाला तरी छाती हलत राहते, आणि आकडा ठीकच दिसतो. नाकातली कार्बन डायऑक्साइड मोजणारी नळी पेशंट ओढून काढतो. मॉर्फिनने श्वास मंदावला तरी ऑक्सिजन चालू असेल तर बोटावरचा ऑक्सिमीटर उशिरा इशारा देतो.

पण गळ्यावरचा हा कानही सहज फसतो. खोकला, बोलणं, घोरणं, शेजारचं सक्शन, सगळंच त्याच्यापर्यंत पोचतं. घामाने किंवा दाढीमुळे कड सुटली की आवाज तुटतो. श्वास थांबला की सेन्सर निघाला, हे नुसत्या शांततेवरून ठरत नाही. माझ्यासमोरच आकडा गेला. सिस्टरांनी मॉनिटरकडे न बघता आधी पेशंटच्या छातीवर तळहात ठेवला, आणि मगच सेन्सरची कड दाबून बसवली.

शिवाय असं यंत्र परवडणारी रुग्णालयं थोडीच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बालकांच्या न्यूमोनियासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी वापरून श्वास मोजायचं साधं साधन बनवलं, कारण अंक न येणाऱ्या बाईलाही पूर्ण मिनिटाचे श्वास मोजता यायला हवे होते. महागडा सेन्सर असो वा मणी, मिनिटभर पेशंटजवळ थांबणारं माणूस लागतंच.

ऑपरेशननंतर तुमचं माणूस मोठमोठ्याने घोरत असेल, तर छान झोप लागली असं समजू नका. घसा अर्धवट बंद होत असेल. लगेच सिस्टरांना हाक मारा.