दुसरं कोकरू

धुळ्यात संशोधन म्हटलं की राजवाडे संशोधन मंडळाची दफ्तरं आठवतात. माझं संशोधन तसं नाही. माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. शेतकी आणि पशुवैद्यकीच्या मुलांचे प्रबंध टाईप करताना एखादा शब्द अडला की मी शब्दकोश उघडायचो. बारावीनंतरचं माझं शिक्षण एवढंच. त्यातल्या एका शब्दाने मला वीस वर्षं सोडलं नाही. तो शब्द फॉलिकल, मराठीत पुटिका.

त्यामागे एक साधा प्रश्न होता. साक्री तालुक्यातले ठेलारी पावसाळा संपला की मेंढरं घेऊन बाहेर पडतात आणि मोकळ्या झालेल्या शेतांत मेंढरं बसवतात. त्यांची दख्खनी मेंढी एका वेळी बहुधा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातली गारोळ मेंढी अंगाने हिच्याहून बरीच लहान, पण जुळी-तिळी सहज देते. असं का?

उत्तर अंडाशयात आहे. प्रत्येक बीजांड पेशींच्या एका पिशवीत वाढतं. ती पिशवी म्हणजे पुटिका. मादी हा साठा जन्माला येतानाच घेऊन येते. माणसाच्या मुलीत जन्मवेळी सुमारे १० ते २० लाख पुटिका असतात, आणि आयुष्यभरात त्यांपैकी जेमतेम ४०० पिकून बीजांड सोडतात. बाकीच्या वाटेतच जिरतात.

जळगावच्या केळीवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बुंध्याभोवती पिलं फुटतात. तो ती वेळोवेळी कापतो, म्हणजे घड पोसतो. अंडाशयात ही निवड कोण करतं? मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीतून एफएसएच नावाचं संप्रेरक येतं, त्यावर पुटिका पोसतात. एक पुटिका पुढे गेली की तिच्या स्रावांमुळे हे संप्रेरक कमी होतं आणि मागे पडलेल्या उपाशी राहतात. माझ्या हाती आलेल्या जुन्या पुस्तकांत गोष्ट इथेच संपायची.

पण पुटिकेच्या सुरुवातीच्या वाढीला एफएसएच फारसं लागत नाही. तिथे काम करतात ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढीचे घटक. ही प्रथिनं बहुधा रक्तातून लांबचा प्रवास करत नाहीत. एक पेशी शेजारच्या पेशीला त्यांच्यामार्फत निरोप देते. त्यांपैकी दोन महत्त्वाची, जीडीएफ-९ आणि बीएमपी-१५, खुद्द बीजांडातून निघतात. १९९६ साली उंदरांमध्ये जीडीएफ-९ चं जनुक काढून टाकलं, तेव्हा पुटिका पहिल्याच पायरीवर थांबल्या. म्हणजे बीजांड पिशवीत नुसतं झोपलेलं नसतं. आपल्याभोवतीचं घर ते स्वतः बांधून घेतं.

निरोप पोचायला ऐकणाराही हवा. भोवतालच्या पेशींवर त्यासाठी ग्राहक प्रथिनं असतात. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांना इतकी कोकरं का होतात, याचं कारण २००१ साली सापडलं: बीएमपीआर-१बी या ग्राहकात २४९ व्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं होतं. त्यामुळे पुटिका लहान असतानाच पिकतात. एका मोठ्या पुटिकेऐवजी दोन-तीन लहान पुटिका मिळून तेवढंच काम करतात, आणि एफएसएच कमी होण्याआधी त्या सगळ्याच तयार झालेल्या असतात. २००२ साली हाच बदल गारोळमध्ये सापडला. १७९० च्या दशकात कलकत्त्याहून जहाजाने गेलेल्या मेंढ्यांबरोबर तो ऑस्ट्रेलियात पोचला असावा, हा जुना तर्क त्यामुळे बळावला.

त्याच सुमारास आपल्याकडे फलटणला बन निंबकरांनी स्थापन केलेल्या संस्थेत डॉ. चंदा निंबकर आणि त्यांचे सहकारी गारोळचं हे जनुक दख्खनी मेंढीत आणत होते. कोणत्या कोकरात जनुक उतरलं हे ओळखण्याच्या कामात पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सोबत होती. त्यातून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार झाली. तिच्या अंगाचा बांधा दख्खनीसारखा, आणि जुळ्यांचं प्रमाण चांगलं.

हे वाचून मी एका ठेलारी आजोबांना मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो. ते म्हणाले, “बाबा, दुसरं कोकरू जन्माला येईल. पण त्याला पाजणार कोण, आणि रोजच्या चालीत खांद्यावर घेणार कोण?” बरोबरच होतं. आईचं दूध, चारा आणि मुक्कामाची सोय वाढली नाही, तर दुसरं कोकरू म्हणजे दुसरं मरण. म्हणून अशा मेंढीला अगोदर खुराक हवा, जनुक त्यानंतर.

या विषयाने मला आणखी एक गोष्ट शिकवली. न्यूझीलंडच्या इन्व्हरडेल मेंढ्यांमध्ये बीएमपी-१५ च्या जनुकात दोष आहे, हे २००० साली कळलं. दोषाची एक प्रत असलेल्या मेंढीला जास्त कोकरं होतात. दोन्ही प्रती दोषी असल्या की तिची पुटिका वाढतच नाही आणि ती वांझ राहते. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. २००४ साली इटलीतल्या दोन बहिणींच्या अंडाशयांनी काम न करण्यामागे याच जनुकातला बदल आढळला. तो त्यांना वडिलांकडून आला होता. वडील मात्र अगदी निरोगी.

माझी एक मावशी होती. तिला मूल झालं नाही. बारशाला, ओटी भरणाला तिला कुणी बोलवत नसे, आणि सासरचे म्हणत, “आईच्याच घराण्यात खोट असेल.” तिच्या बाबतीत कारण काय होतं, कुणी तपासलंच नाही, दोष मावशाजींकडेही असू शकला असता. पण मेंढ्यांच्या आणि त्या दोन बहिणींच्या दाखल्यांनंतर एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो, की पुटिका न पिकणं हे कुणाचं पाप नव्हे. एका पेशीचा निरोप दुसरीपर्यंत पोचला नाही, एवढंच ते असू शकतं. मावशी आता नाही. असती तर हा अंक घेऊन मी पहिला तिच्याकडे गेलो असतो.