बुरशी एकच, अभ्यासक मात्र विखुरलेले. शेत, रुग्णालय आणि संग्रहालय यांच्यातील सहकार्य का महत्त्वाचे?

नवी दिल्ली : दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर या सरकारी वसाहतीच्या जवळच ‘एम्स’ आणि सफदरजंग ही मोठी रुग्णालये आहेत. तेथील प्रयोगशाळांत रुग्णांच्या शरीरात वाढलेल्या बुरशीची ओळख पटवली जाते. याच शहरात, पुसा परिसरातील भारतीय कृषी संशोधन संस्थेत पिकांवरील बुरशीचा अभ्यास होतो. दोन्हीकडील अभ्यासक एकाच जीवसृष्टीकडे पाहत असले, तरी त्यांची खाती, परिषदा आणि नियतकालिके वेगवेगळी आहेत. बुरशी मात्र ही विभागणी मानत नाही. त्यामुळे कवकशास्त्रज्ञांमधील सहकार्य हा केवळ विद्वत्तेचा विषय न राहता रुग्णावरील उपचारांचा विषय झाला आहे.

शेतातील फवारणी, रुग्णालयातील औषध

‘ॲस्परजिलस फ्युमिगेटस’ ही बुरशी माती आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्यात वाढते. तिचे बीजाणू श्वासावाटे प्रत्येकाच्या शरीरात जातात. मात्र प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तीच्या फुफ्फुसात ते गंभीर संसर्ग घडवू शकतात. या संसर्गावर व्होरिकोनॅझोल, इट्राकोनॅझोल यांसारखी ‘ॲझोल’ गटातील औषधे दिली जातात. बुरशीच्या पेशीपटलासाठी आवश्यक असलेल्या अर्गोस्टेरॉल या घटकाची निर्मिती ही औषधे रोखतात.

द्राक्षावरील भुरी किंवा गव्हावरील तांबेरा आटोक्यात आणण्यासाठी वापरली जाणारी हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल यांसारखी बुरशीनाशकेही याच गटातील असून त्यांची कार्यपद्धती तीच आहे. परिणामी, मातीत या रसायनांशी वारंवार संपर्क आलेली बुरशी रुग्णालयातील औषधालाही दाद देईनाशी होऊ शकते. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातील पर्यावरणीय नमुन्यांत अशी औषधरोधी बुरशी आढळल्याची नोंद आहे. तिच्यातील जनुकीय बदल युरोपात आधीच आढळलेल्या बदलासारखाच होता.

याचा अर्थ नाशिक किंवा सांगलीच्या द्राक्षबागायतदाराने फवारणी थांबवावी, असा नाही. पीक वाचवणे ही त्याची गरज आहे. मात्र कोणत्या भागात कोणते रसायन वापरले जाते आणि तेथील रुग्णांत कोणते औषध निष्प्रभ ठरते, ही माहिती एकत्र पाहिल्याशिवाय दोघांच्याही हिताचा निर्णय घेता येणार नाही. पहिली माहिती कृषी शास्त्रज्ञाकडे, तर दुसरी डॉक्टरांकडे असते.

तीन परंपरा

ही विभागणी ऐतिहासिक आहे. भारतातील कवकशास्त्राचा पाया प्रामुख्याने शेतीच्या निमित्ताने घातला गेला. एडविन जॉन बटलर यांच्या पुढाकाराने बिहारमधील पुसा येथे १९०५ मध्ये बुरशीच्या वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह सुरू झाला. १९३४ च्या भूकंपानंतर संस्था दिल्लीत आली आणि तिच्यासोबत संग्रहही आला. वनस्पतिरोगांच्या अभ्यासकांची ‘इंडियन फायटोपॅथॉलॉजिकल सोसायटी’ १९४७ मध्ये, तर ‘मायकॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया’ १९७३ मध्ये स्थापन झाली. मानव व प्राण्यांमधील बुरशीजन्य रोगांचे अभ्यासक पुढे स्वतंत्र संघटनेत एकत्र आले. प्रत्येक शाखेने आपले क्षेत्र समृद्ध केले. पण परस्परांशी संवाद त्या मानाने कमी राहिला.

महासाथीने दिलेला धडा

एकत्र काम केल्याने काय साधते, हे कोविडकाळात दिसले. देशातील १६ रुग्णालयांनी ‘म्युकोकोविड’ या जाळ्याच्या माध्यमातून सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळातील म्युकरमायकोसिसच्या २८७ रुग्णांची माहिती एकत्र केली. त्यांपैकी १८७ जणांना कोविडशी निगडित संसर्ग होता. आदल्या वर्षीच्या याच चार महिन्यांच्या तुलनेत रुग्णसंख्या दुपटीहून अधिक झाली होती. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अयोग्य वापर हे धोके या अभ्यासातून ठळक झाले. एखाद्या रुग्णालयाला आपल्याकडील मोजक्या रुग्णांवरून हा निष्कर्ष काढणे कठीण गेले असते.

हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या लाटेत रोगाने भीषण रूप धारण केले आणि जूनअखेर देशातील रुग्णसंख्या ४० हजारांवर पोहोचली. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्राधान्याने लक्ष देण्याजोग्या १९ रोगकारक बुरशींची पहिली यादी जाहीर केली. त्यात म्युकरमायकोसिस घडवणाऱ्या गटाचाही समावेश आहे.

नाव आणि नमुना

सहकार्याची पहिली अट म्हणजे सर्वांनी एका बुरशीला एकाच नावाने ओळखणे. पूर्वी एकाच बुरशीच्या लैंगिक आणि अलैंगिक अवस्थांना दोन वेगळी शास्त्रीय नावे देता येत. मेलबर्न येथे २०११ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने ही पद्धत मोडीत काढली. शिवाय १ जानेवारी २०१३ पासून नव्या नावाची मान्यताप्राप्त नोंदणीकोशात नोंद करणे बंधनकारक झाले. ओळखीतील चूक महागात पडते. ‘कॅन्डिडा ऑरिस’ या घातक बुरशीला अनेक प्रयोगशाळांतील यंत्रे तिच्या जवळच्या जातीच्या नावाने ओळखत असत, कारण यंत्रांच्या माहितीसाठ्यात तिची नोंदच नव्हती.

दुसरी अट नमुन्याची. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत ‘नॅशनल फंगल कल्चर कलेक्शन ऑफ इंडिया’ हा जिवंत बुरशीचा संग्रह आणि प्रा. अजरेकर यांच्या नावाचे वाळवलेल्या नमुन्यांचे संग्रहालय आहे. चंडीगडच्या ‘पीजीआय’मध्ये रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, तर दिल्लीच्या पुसा परिसरात १९३६ पासूनचा संवर्ध संग्रह आहे. संशोधनपत्रिकेतील निष्कर्ष पडताळायचा असेल, तर मूळ बुरशी अशा ठिकाणी उपलब्ध असावी लागते. अन्यथा संशोधक निवृत्त होताच त्याच्या शीतकपाटातील संवर्धही नष्ट होण्याची भीती असते.

जैवविविधता कायदा, २००२ नुसार नव्याने सापडलेल्या जातीचा नमुना अधिकृत संग्रहात जमा करणे आवश्यक आहे. जुन्या, ज्ञात जातींच्या, रुग्णांकडून किंवा शेतातून मिळालेल्या नमुन्यांबाबत मात्र बरेच काही संशोधकाच्या इच्छेवर अवलंबून राहते. नमुना देणाऱ्याला श्रेय मिळेल आणि मागणाऱ्याला तो वेळेत उपलब्ध होईल, अशी व्यवस्था असल्यास हा संकोच दूर होऊ शकतो.

शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार जगात बुरशीच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात. नोंद झाली आहे ती जेमतेम दीड लाखांची. एवढे मोठे क्षेत्र कोणत्याही एका संस्थेच्या आवाक्यातील नाही. पिकावरील बुरशी ओळखणाऱ्याचे ज्ञान अतिदक्षता विभागापर्यंत आणि तेथील डॉक्टरांचा अनुभव बांधापर्यंत पोहोचला, तरच पुढील साथीत मौल्यवान आठवडे वाचू शकतील.