इंग्रजीतला ‘ही’ कोण?

मराठीत ‘ही’ म्हणजे मुलगी, इंग्रजीत ‘ही’ म्हणजे मुलगा. आणि इंग्रजीतली मुलगी म्हणजे ‘शी’, म्हणजे घाण दिसली की आपल्या तोंडून निघतो तो शब्द! पहिलीत हा गोंधळ झाला की सगळे हसतात. वरच्या वर्गात इंग्रजी सुधारते, गोंधळ दिसेनासा होतो. पण संपत नाही.

आमच्या वसतिगृहात अनेक राज्यांतले कॅडेट आहेत. बंगालीत ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच शब्द आहे, क्रियापदही बदलत नाही. त्यामुळे बंगाली मित्र घाईत बोलताना बहिणीलाही ‘ही’ म्हणतो. मराठीचे उलटे. ‘मी जातो’, ‘मी जाते’, असे तोंड उघडताच लिंग सांगावे लागते. इंग्रजीत ‘आय गो’ म्हटले की झाले.

आता ‘द कॅप्टन केम’ या वाक्याचे मराठी करा. ‘कॅप्टन आले’ की ‘कॅप्टन आल्या’? मूळ वाक्यात उत्तर नाही, तरी बहुतेक जण न थांबता ‘आले’ लिहितात. वैद्यकीय विभागांबाहेरही लष्करात १९९२ पासून महिला अधिकारी आहेत, हे माहीत असूनही! व्याकरण बरोबर असल्यामुळे लाल शाईची खूण होत नाही. लिंगभाव हा विषय इंग्रजीच्या तासाला शिकवायचा असेल, तर ‘स्त्री-पुरुष समानता’ या निबंधापेक्षा मला हे एक भाषांतर जास्त उपयोगी वाटते. निबंध सगळ्यांना पाठ असतो.

दुसरे वाक्य आपल्या ओळखीचे: ‘एव्हरी कॅडेट मस्ट ब्रिंग हिज बॉटल.’ जुनी व्याकरणे म्हणतात, ‘हिज’मध्ये मुलीही आल्या. कायदाही तेच म्हणतो. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम १३ नुसार, संदर्भ वेगळा नसेल तर पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही धरायच्या. पण एनडीएच्या परीक्षेला मुली बसू शकल्या त्या २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. त्यांची पहिली तुकडी २०२२ मध्ये खडकवासल्याला आली आणि मे २०२५ मध्ये १७ जणी तिथून उत्तीर्ण झाल्या. सैनिक शाळांतही सर्वत्र मुलींना प्रवेश मिळू लागला तो २०२१-२२ पासून. तोवर ‘हिज’ वाचताना मुलगी डोळ्यांसमोर येण्याचे कारणच नव्हते. आता ती शेजारच्या बाकावर बसते.

‘हिज’च्या जागी ‘देअर’ लिहिले, तर एकवचनाला अनेकवचन जोडले म्हणून काही जण गुण कापतात. खरे तर शेक्सपिअर आणि जेन ऑस्टिन यांच्या लेखनातही हा प्रयोग आहे. आपणही एकाच सरांना ‘ते’ म्हणतोच की! ‘हिज ऑर हर’ चालते, पण तीन ओळींत चारदा आले की वाचणारा कंटाळतो. परीक्षेत वाद नको असेल तर वाक्यच अनेकवचनी करावे: ‘ऑल कॅडेट्स मस्ट ब्रिंग देअर बॉटल्स.’ त्यात कुणालाच गुण कापता येत नाहीत.