यूकेचं सेटल्ड स्टेटस टिकवायचं असेल, तर दिवस मोजा



परवा आमच्या ऑफिसात एक ट्रॉलरमालक आले होते. डिझेलचं काम झालं, तरी खुर्चीवरून उठेनात. मग विषय काढला. त्यांचा मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर यूकेला गेला होता. स्विंडनला वेअरहाऊसमध्ये काम करून त्याने सेटल्ड स्टेटस मिळवलं. २०२१ च्या जुलैत वडिलांचं ऑपरेशन झालं म्हणून तो घरी आला, १ ऑगस्टला बंदी उठल्यावर ट्रॉलर हातात घेतला, आणि राहिला तो राहिलाच. आता नातवंडांच्या शिक्षणासाठी परत जायचा विचार चाललाय. मालक म्हणाले, "स्टेटस कायमचं आहे ना? मग घाई कसली?"

घाई आहे. कारण स्टेटस कायमचं असलं तरी त्याला अट आहे. ती अट आपल्या बऱ्याच घरांना माहीत नाही, म्हणून आज हे सविस्तर लिहितोय.

सेटल्ड स्टेटस: सलग पाच वर्षांची अट

ब्रेक्झिटनंतर तिथे राहणाऱ्या युरोपीय नागरिकांसाठी जी योजना आली, तिच्यात दोन प्रकारचं स्टेटस मिळतं. पाच वर्षांचं वास्तव्य पुरं झालेल्यांना सेटल्ड, त्याहून कमी असलेल्यांना प्री-सेटल्ड. पोर्तुगीज पासपोर्ट असलेले आपले गोंयकार याच योजनेत येतात.

सेटल्ड स्टेटसवाला माणूस यूकेबाहेर सलग पाच वर्षांपेक्षा जास्त राहिला, तर स्टेटस जातं. इथे "सलग" हा शब्द महत्त्वाचा. चार वर्षं बाहेर राहून मध्ये यूकेला जाऊन आला, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. या मालकांच्या मुलाची पाच वर्षं २०२६ च्या जुलैत पुरी होतात, म्हणजे नेमकी बंदीत. बंदीचे ६१ दिवस ट्रॉलर जेटीवरच असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो जाऊन आला तर वर्षानुवर्षांची मेहनत वाचते. ऑगस्टवर ढकललं तर गेली.

इन्डेफिनिट लीव्ह: दोनच वर्षं

काही घरांत बायको किंवा भाऊ भारतीय पासपोर्टवर, वर्क व्हिसावर गेले आणि मग त्यांना इन्डेफिनिट लीव्ह टू रिमेन मिळालं. त्यांना पाच वर्षांची सूट नाही. त्यांची मर्यादा सलग दोन वर्षांची. शिवाय परत जाताना, "तुम्ही खरंच इथे राहता का?" असं अधिकारी विचारू शकतो. एकाच घरात नवऱ्याला पाच आणि बायकोला दोन वर्षं, असंही असू शकतं. म्हणून प्रत्येकाचा कागद वेगळा बघा. "आमच्या घरात सगळ्यांना पाच" असं धरून चालू नका.

प्री-सेटल्ड: इथे सगळ्यात जास्त लोक फसतात

प्री-सेटल्ड स्टेटससुद्धा आता सलग पाच वर्षं बाहेर राहिल्यावरच जातं. पूर्वी ही मर्यादा दोन वर्षांची होती, मे २०२४ मध्ये ती वाढवली. त्याची मुदतही सरकार आपोआप वाढवतं. त्यामुळे लोक निर्धास्त होतात. पण स्टेटस हातात असणं वेगळं आणि त्याचं सेटल्ड होणं वेगळं.

सेटल्ड मिळण्यासाठी जुना नियम असा, की पाच वर्षांत कुठल्याही १२ महिन्यांत सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहायचं नाही. आजारपण, बाळंतपण, शिक्षण अशा मोठ्या कारणासाठी एकदा १२ महिन्यांपर्यंत सूट मिळते. जुलै २०२५ पासून सोपा रस्ताही निघाला आहे: अर्जाच्या आधीच्या ६० महिन्यांत एकूण ३० महिने यूकेत राहिलेलं दाखवलं तरी चालतं.

आता आपल्या तारवटी पोरांचा हिशोब करू. सात महिने क्रूझवर आणि दोन महिने लेस्टरला भावाकडे, असं चक्र चालू असलं तर ६० महिन्यांत यूकेतले भरतात जेमतेम १३-१४ महिने. ३० कुठून होणार? क्रूझ साउथॅम्प्टनहून सुटते म्हणून ते दिवस यूकेतले धरले जातील, असं समजू नका. बाहेरच्या समुद्रात घालवलेले दिवस बाहेरचेच. जहाज बंदराला लागल्यावर चार तास शोअर लीव्ह घेतली, तिच्यावरही भिस्त ठेवू नका. पासपोर्ट दाखवून रीतसर आत जा आणि राहा.

सहा महिने जहाजावर आणि सहा महिने यूकेत असं जमवलं, तर ३० महिने कसेबसे भरतात. म्हणजे कॉन्ट्रॅक्टवर सही करतानाच हा हिशोब करायला हवा. पाच वर्षं झाल्यावर केलेला हिशोब उपयोगाचा नाही.

कागद नाही, म्हणून घोटाळे

हे स्टेटस कार्डावर नसतं, सरकारच्या कॉम्प्युटरवर असतं. त्याला ई-व्हिसा म्हणतात. त्यातून तीन अडचणी येतात.

एक: पासपोर्ट नवा केला की नंबर बदलतो. नवा नंबर आपल्या ऑनलाइन खात्यात घातला नाही, तर विमान कंपनीला स्टेटस दिसत नाही आणि दाबोळी किंवा मोपा विमानतळावरच अडवणूक होते.

दोन: लॉगिनचा कोड जुन्या मोबाइलवर किंवा ईमेलवर जातो. गोव्यात आल्यावर यूकेचं सिम बंद पडतं आणि खातंच उघडत नाही. म्हणून सिम चालू आहे तोवरच नंबर आणि ईमेल बदलून घ्या.

तीन: पोर्तुगीज पासपोर्टवर ई-गेटमधून गेलात की शिक्का बसत नाही. कधी गेलो, कधी आलो याचा पुरावा आपल्यालाच ठेवावा लागतो. बोर्डिंग पास, तिकिटं, जहाजाची साइन ऑन-साइन ऑफची तारीख, पी-६०, बँकेचं स्टेटमेंट, काउन्सिल टॅक्सचं बिल, सगळं एका फाइलमध्ये ठेवा. मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. इंजिनाच्या दुरुस्तीची बिलं ठेवतो, तशीच ही ठेवायची.

मुलांचं काय?

आईवडिलांपैकी एकाला जरी सेटल्ड स्टेटस असेल आणि त्यानंतर मूल यूकेत जन्मलं, तर ते जन्मतःच ब्रिटिश नागरिक. दोघेही नुसते प्री-सेटल्ड असतील, तर आपोआप तसं होत नाही. म्हणजे बापाने मोजलेले दिवस पोराच्या कामी येतात.

कायमचा उपाय

ज्यांना जहाजावर किंवा गोव्यात वर्षानुवर्षं राहावं लागणार आहे, त्यांनी ब्रिटिश नागरिकत्वाचा विचार करावा. बाहेर राहिल्याने ते जात नाही आणि पोर्तुगाल दुहेरी नागरिकत्व चालवून घेतं. पण त्यासाठी साधारणपणे सेटल्ड होऊन १२ महिने व्हावे लागतात, आणि अर्जाआधीच्या पाच वर्षांत ४५० दिवसांपेक्षा, शेवटच्या वर्षात ९० दिवसांपेक्षा जास्त बाहेर असता कामा नये. फीही मोठी आहे. म्हणून जो आज यूकेत नोकरीवर आहे, त्याने घरी परतायच्या आधीच हे काम उरकावं.

पाच वर्षं उलटून गेलीच असतील, तर रिटर्निंग रेसिडेंट व्हिसाचा अर्ज करता येतो. त्यात यूकेशी घट्ट संबंध दाखवावे लागतात: घरची माणसं, घर, कामधंदा, आणि इतका काळ बाहेर का राहिलो त्याचं कारण. मिळेलच असं नाही. जुन्या स्टेटसच्या भरवशावर विमानात बसू नका.

इथल्या बोटीचं लक्षात ठेवा

पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की कायद्याने भारतीय नागरिकत्व संपतं. मग भारतीय पासपोर्ट वापरता येत नाही, मतदान करता येत नाही. ओसीआय कार्ड घेतलं तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. ट्रॉलर, त्याचं रजिस्ट्रेशन आणि परवाना अशा मुलाच्या नावावर करण्याआधी मत्स्योद्योग खात्यात लेखी विचारून घ्या.

आज घरी करायचं काम

कॅलेंडर काढा. घरातला प्रत्येक माणूस यूकेतून शेवटचा कधी निघाला ती तारीख लिहा. सेटल्ड असेल तर पाच वर्षं मिळवा, इन्डेफिनिट लीव्ह असेल तर दोन. जी तारीख येईल, तिच्या तीन महिने आधीची तारीख लाल पेनाने मांडा. प्री-सेटल्ड असेल तर गेल्या ६० महिन्यांतले यूकेतले महिने मोजा.

आणि एजंटांपासून सांभाळा. या योजनेच्या अर्जाला सरकारी फी नाही. "स्टेटस रिन्यू करून देतो" म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी यूके सरकारच्या वेबसाइटवर एकदा बघून घ्या.

ते मालक ऑफिसातूनच मुलाला फोन लावून उठले. मुलाला शेवटच्या प्रवासाची तारीखच आठवेना, जुन्या ईमेलमधलं तिकीट शोधावं लागलं. ते सापडलं. आता जूनचं तिकीट काढताहेत.

ज्यांच्या घरची माणसं बाहेर आहेत, त्यांच्यापर्यंत हे पोचवा. जेटीवर मोबाइल न वापरणारे जुने तांडेल असतील, त्यांना वाचून दाखवा.