ग्लिसरीन न पचणारा जिवाणू

दोन्ही नळ्यांतला द्रव लाल होता. दुसऱ्या दिवशी एक पिवळी झाली, दुसरी लालच राहिली. "हिच्यातल्याने ग्लिसरीन खाल्लं, आम्ल तयार झालं, रंग बदलला. दुसरीतल्याला ते पचत नाही," सर म्हणाले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्लेगचा जिवाणू कोण ठेवू देणार? नळ्यांत दुसरेच, रोजच्या सरावातले जिवाणू होते. पण प्लेगच्या जिवाणूचे प्रकार पाडले गेले ते याच रीतीने, आणि मला ती रीत बघायची होती.

कारण गुजरातच्या सीमेवरच्या माझ्या गावातलं, वेवजीतलं. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. सुरतेहून मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या शेजारच्या उंबरगावावरूनच जातात. त्या दिवसांत साथीला भिऊन पळणाऱ्या माणसांनी डबे फुटायला आले होते. बाबांनी प्लेगवरचं औषध म्हणून टेट्रासायक्लिनची पट्टी आणून ठेवली. कणगीमागे खुडबुड झाली की आजी म्हणायची, "उंदीर पडला का बघ रे." घरात उंदीर मरून पडू लागले की घर सोडायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक.

दुसरी चाचणी नायट्रेटची. सरांनी दोन रसायनांचे थेंब टाकले, एक नळी लाल झाली: नायट्रेटचं नायट्राइट झालं. दुसरी तशीच. मी वहीत 'नाही' लिहायला घेतलं.

"अहो, थांबा." त्यांनी तिच्यात जस्ताची चिमूटभर पूड टाकली. मग तीही लाल. म्हणजे नायट्रेट तिथेच पडून होतं, जिवाणूने त्याला हात लावला नव्हता. जस्तानेही रंग आला नसता, तर जिवाणूने नायट्राइटच्याही पुढची मजल मारली असती आणि माझं 'नाही' खोटं ठरलं असतं.

बेल्जियन काँगोत काम करणाऱ्या रेने देविन्या यांनी १९५१ मध्ये या दोन चाचण्यांवरच प्लेगच्या जिवाणूचे तीन प्रकार पाडले. दोन्ही जमतं तो अँटिका. ग्लिसरीन पचतं पण नायट्रेट नाही, तो मेडिएव्हालिस. उलटं असेल तर ओरिएंटालिस. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखलेली साथ या ओरिएंटालिसच्या जागतिक फेरीतली. त्याला ग्लिसरीन का पचत नाही, तेही पुढे कळलं: एका जनुकातली ९३ अक्षरं गळालेली आहेत.

देविन्या यांनी प्रत्येक प्रकाराला इतिहासातली एकेक महासाथही वाटून दिली; चौदाव्या शतकातली मेडिएव्हालिसला. हे जरा जास्तच झालं. २०११ मध्ये लंडनच्या ईस्ट स्मिथफील्डमधल्या चौदाव्या शतकातल्या सांगाड्यांतून जिवाणूचा जीनोम जुळवला गेला, तेव्हा तो मेडिएव्हालिसच्या फांदीवर बसलाच नाही. आजच्या बहुतेक फांद्या फुटतात त्या खोडाजवळ निघाला. 

१९९४ मध्ये सुरतेत आणि बीडमध्ये खरंच प्लेग होता का, यावर पुढेही वाद चालू राहिला. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी तेव्हाच्या जिवाणूंचा डीएनए तपासला आणि तो प्लेगचाच असल्याचं २००० मध्ये प्रसिद्ध केलं.

औषधं मात्र तिन्ही प्रकारांवर तीच. नळी पिवळी झाली की लाल राहिली, याने बाबांच्या त्या पट्टीत काही फरक पडला नसता.