घराणं की देणंघेणं? : अमेरिकी विद्यापीठं आणि खेळाच्या कॉन्फरन्स

मागच्या वेळी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की अमेरिकेतली विद्यापीठं खेळासाठी एक गट सोडून दुसऱ्या गटात जातात, तेव्हा अभ्यासातल्या प्रतिष्ठेला काही किंमत असते का? आज त्याबद्दल बोलू.

आधी कॉन्फरन्स म्हणजे काय ते बघू. कॉन्फरन्स म्हणजे आपापसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क हा गट एकत्रित विकतो आणि पैसे वाटून घेतो. पण नवा सदस्य घ्यायचा की नाही, यावर मत कोण देतं? प्रशिक्षक नाही, तर विद्यापीठांचे अध्यक्ष. आणि अध्यक्षांना आपण कोणाच्या पंगतीला बसतो याची काळजी असते.

बिग टेन या कॉन्फरन्सचं उदाहरण घ्या. ती १८९६ साली सुरू झाली. शिकागो विद्यापीठ संस्थापकांपैकी एक. त्यांनी १९३९ मध्ये फुटबॉल बंद केला, १९४६ मध्ये कॉन्फरन्सही सोडली. तरीही १९५८ मध्ये याच विद्यापीठांनी ग्रंथालयं, अभ्यासक्रम यांत सहकार्यासाठी संस्था काढली, तेव्हा शिकागो त्यात होतं. म्हणजे खेळाचं नातं तुटलं, विद्येचं टिकलं.

आता या विद्यापीठांचा हिशेब बघा. २०२३ च्या सुमारास बिग टेनकडून एका विद्यापीठाला वर्षाला साधारण सहा कोटी डॉलर मिळत होते. एकट्या मिशिगन विद्यापीठाचा वर्षाचा संशोधनखर्च दीड अब्ज डॉलरच्या वर आहे. मग अध्यक्ष संशोधनातली पत बघणारच ना!

ही पत मोजायचं एक माप म्हणजे एएयू, १९०० साली स्थापन झालेली संशोधन विद्यापीठांची संघटना. तिचं सदस्यत्व निमंत्रणानेच मिळतं. २०१० मध्ये नेब्रास्काला बिग टेनमध्ये घ्यायचं ठरलं, तेव्हा सगळे सदस्य एएयूमध्ये होते, नेब्रास्काही होतं. पण २०११ मध्ये एएयूने नेब्रास्कालाच मतदानाने बाहेर काढलं. त्यांचं वैद्यकीय महाविद्यालय ओमाहाला, वेगळ्या प्रशासनाखाली, म्हणून ते मोजलं जात नव्हतं. शेतकी संशोधनाच्या ठरीव अनुदानालाही कमी वजन होतं. नेब्रास्काच्या प्रमुखांनीच नंतर सांगितलं, की सदस्यत्व नसतं तर बिग टेनने आम्हाला घेतलं असतं का, शंकाच आहे. आज बिग टेनच्या १८ विद्यापीठांपैकी एएयूमध्ये नसलेलं हे एकच.

म्हणजे प्रतिष्ठा असली की काम झालं? नाही, इथेच खरी गंमत आहे. स्टॅनफर्ड आणि बर्कली ही दोन्ही एएयूच्या संस्थापकांपैकी. पॅक-१२ फुटायला लागली तेव्हा बिग टेनने २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलए, आणि २०२३ मध्ये ऑरेगन व वॉशिंग्टन यांना घेतलं. स्टॅनफर्ड आणि बर्कली मात्र बाहेरच राहिली. कारण टीव्हीवर फुटबॉल बघणारे प्रेक्षक. शेवटी अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसीसीने त्यांना घेतलं, तेही सुरुवातीची काही वर्षं कमी वाट्यावर. एसीसीत स्वतःच्या प्रतिष्ठेची काळजी करणारी विद्यापीठं बरीच आहेत, तिथे या दोघांचं नाव कामी आलं. पण नॉर्थ कॅरोलिनासारखं नामांकित विद्यापीठही विरोधात होतं, हे विसरू नका.

आपल्याकडे सोयरीक ठरवताना आधी घराणं बघतात, पण बैठक बहुधा देण्याघेण्यावर अडते. तसंच हे. प्रतिष्ठा उंबरठ्यापर्यंत आणते, आत घेतात ते पैसा बघून. प्रतिष्ठा नसेल तर मात्र बऱ्याचदा उंबरठ्यापर्यंतही पोचता येत नाही.

आणि याची किंमत कोण मोजतं? फुटबॉलच्या पैशासाठी गट बदलला, तरी व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलामुलींनाही त्याच गटात खेळावं लागतं. लॉस एंजलिसहून न्यू जर्सीतलं रटगर्स जवळजवळ चार हजार किलोमीटर, घड्याळात तीन तासांचा फरक. विद्येच्या नावाने मिळालेल्या जागेसाठी विद्यार्थ्यांचेच वर्ग बुडत असतील, तर ती प्रतिष्ठा नेमकी कसली, हा प्रश्न त्या अध्यक्षांना विचारायला हवा.

थांबतो इथे. प्रश्न असतील तर जरूर विचारा.